ऑनलाइन भाषाशिक्षकांसाठी स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी आणि हिंदी ऑनलाइन शिकवते. सुरुवात पुण्यातून केली, आता स्पेनमधल्या वालेन्सियातून शिकवते. हा व्हिसा मिळाल्यापासून शिकवणाऱ्यांचे प्रश्न सतत येत असतात. कुणी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, कुणी जर्मन शिकवते, कुणी न्यू जर्सीतल्या आठ वर्षांच्या मुलाकडून बाराखडी गिरवून घेते. सगळ्यांची अडचण एकच असते. नेटवर जी माहिती मिळते ती सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेली असते. त्याला एक मालक असतो, एक पगारपत्रक असते. आपल्याला मालक नसतो, फी देणारी तीस घरे असतात. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रकमा २०२५ सालच्या आहेत. स्पेनचे किमान वेतन बदलले की त्याही बदलतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी चालू वर्षाचा आकडा बघून घ्या.

१. डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणजे नेमके काय? टुरिस्ट व्हिसावर जाऊन लॅपटॉपवर शिकवले तर काय बिघडते?

ज्याची कमाई दुसऱ्या देशातून येते आणि काम इंटरनेटवरून होते, त्याला राहण्याची परवानगी देणारा हा व्हिसा आहे. स्पेनने तो डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या स्टार्टअप कायद्यातून आणला. सरकारी कागदांवर त्याचे नाव ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या दूरस्थ कामासाठीचा व्हिसा’ असे असते, नोमॅड हा शब्द तिथे सापडत नाही.

टुरिस्ट व्हिसा फिरण्यासाठी असतो आणि शेंगेन देशांत (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत) १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहू देतो. त्यावर तुम्हाला घर नीट भाड्याने घेता येत नाही, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करता येत नाही, मुलाला शाळेत घालून वर्षभराचा बेत आखता येत नाही. शिकवणे हे काम आहे. ते लपवून करावे लागेल अशी व्यवस्था मुळात मांडूच नये, असे मला मनापासून वाटते.

२. एवढ्या देशांत स्पेनच का? आपल्याला परवडेल असा दुसरा देश नाही का?

आहे, आणि काहींसाठी तो अधिक बरा आहे. एस्टोनियाने असा व्हिसा २०२० मध्येच सुरू केला, पण तिथे महिन्याला ४,५०० युरो कमाई दाखवावी लागते. पोर्तुगालमध्ये किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. जपान वर्षाला १ कोटी येन मागतो आणि सहा महिनेच राहू देतो. थायलंडचा २०२४ मधला नवा व्हिसा पाच वर्षांचा आहे, पण प्रत्येक खेपेला १८० दिवसांपर्यंतच राहता येते आणि बँकेत ५ लाख बाट दाखवावे लागतात.

ज्यांची कमाई कमी आहे त्यांना मी मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा आधी बघायला सांगते. तो एक वर्षाचा असतो, त्याला शुल्क नाही आणि महिना १,५०० डॉलर कमाई पुरते. शिवाय तिथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आहेत आणि शाळांत मराठी शिकवली जाते. मराठीच्या शिक्षकाला ते बेट अगदीच परके वाटणार नाही. मात्र तिथल्या शाळेत नोकरी करायला हा व्हिसा चालत नाही, कमाई मॉरिशसच्या बाहेरूनच यावी लागते.

स्पेन निवडायला माझी दोन कारणे होती. एक म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्याची कायद्यात वेगळी सोय आहे. दुसरे, पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा रस्ता खुला होतो. इथून पुढची सगळी उत्तरे स्पेनपुरती आहेत.

३. दरमहा नेमकी किती कमाई हवी?

एकट्या अर्जदाराला स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट. २०२५ मध्ये किमान वेतन १,१८४ युरो होते, पण ते वर्षातून १४ हप्त्यांत दिले जाते. म्हणून १,१८४ ला १४ ने गुणायचे, १२ ने भागायचे आणि दुप्पट करायचे. उत्तर येते सुमारे २,७६३ युरो. थेट १,१८४ ची दुप्पट धरून २,३६८ युरोंवर अर्ज तयार करणारे बरेच जण मला भेटले आहेत. ही चूक करू नका.

युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे पावणेतीन लाखांहून थोडे जास्त होतात. तासाला वीस डॉलर घेत असाल तर महिन्याला दीडशेहून अधिक तास शिकवावे लागेल. आठवड्याचे छत्तीस-सदतीस तास नुसते शिकवणे, वर तयारी आणि गृहपाठ तपासणे वेगळेच. जमते, पण घसा आणि डोळे दोन्ही शिणतात. म्हणून अर्जाची तयारी करण्याआधी दर वाढवण्याचा विचार करा. जुन्या विद्यार्थ्यांना सहा महिन्यांची आगाऊ कल्पना देऊन मी दर वाढवले. दोन घरे सोडून गेली, बाकीची राहिली.

कुटुंब सोबत असेल तर रक्कम वाढते, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

४. प्लॅटफॉर्म कमिशन कापून घेतो. कमाई कापण्याआधीची धरायची की नंतरची?

नंतरचीच धरा. प्रेप्लीसारखा शिक्षक आणि विद्यार्थी जोडून देणारा प्लॅटफॉर्म नव्या शिक्षकाकडून ३३ टक्के घेतो आणि तास वाढतील तसा तो आकडा १८ टक्क्यांपर्यंत उतरतो. तुमच्या पानावर दिसणारा दर आणि बँकेत पडणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. तपासणाऱ्याच्या हातात बँकेचे विवरणपत्र असते आणि तो त्यातल्याच आकड्यांवर बोट ठेवतो.

५. मी प्लॅटफॉर्मवर शिकवते. माझ्याकडे कुठलाही करार नाही, नुसते खाते आहे. अर्ज करता येईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांचा अर्ज इथेच अडतो.

कायदा दोन गोष्टी मागतो. तुमचा कंपनीशी कामाचा संबंध किमान तीन महिने जुना हवा आणि ती कंपनी किमान एक वर्ष खरोखर व्यवसाय करत असलेली हवी. त्याशिवाय काम दूरवरून करता येते, हे कंपनीच्या कागदावरून दिसले पाहिजे. नोकरदाराला हे एका पत्रात मिळते. आपल्याला ते तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागते.

आधी प्लॅटफॉर्मच्या मदत विभागाकडे पत्र मागा. पत्रात पाच गोष्टी असाव्यात : पासपोर्टवरचे तुमचे पूर्ण नाव, तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून केव्हापासून शिकवता ती तारीख, आतापर्यंतची कमाई, काम पूर्णपणे ऑनलाइन आहे हे वाक्य आणि ते स्पेनमधून करायला हरकत नाही हे वाक्य. शेवटचे वाक्य बहुतेक छापील पत्रांत नसते, ते आग्रहाने मागावे लागते. मला आलेल्या पहिल्या पत्रात माझे नावच नव्हते, फक्त विद्यार्थ्यांना दिसणारे टोपणनाव होते. खाली सही नाही, पत्ता नाही. तसे पत्र कुणाच्याही नावाने चालले असते, म्हणजे ते कुणाचेच नव्हते. चार वेळा लिहिल्यावर कंपनीचा शिक्का आणि पासपोर्टवरचे नाव असलेले पत्र हाती आले, त्यात पाच आठवडे गेले. तेव्हा हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

खाते उघडताना तुम्ही मान्य केलेल्या सेवाशर्ती हाच तुमचा करार असतो. त्या तारखेसह पूर्ण छापून घ्या. शिक्षक हा कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार आहे, असे सांगणाऱ्या कलमावर खूण करा.

मग कंपनीच्या नोंदणीचा पुरावा. कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेली असेल तर तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्थापनेची तारीख फुकट दिसते. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नोंदलेली असेल तर कंपनी सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र पैसे भरून मागवता येते.

आणि शेवटी पैशांचा माग. प्लॅटफॉर्मने पाठवलेली प्रत्येक रक्कम, ती भारतात आल्याची बँकेची परकीय चलन पावती आणि खात्यातली जमा, या तिन्ही गोष्टी एका ओळीत दिसल्या पाहिजेत. मी जेवणाच्या टेबलावर वर्षभराच्या पावत्या मांडल्या होत्या. डावीकडे प्लॅटफॉर्मचा डॉलरचा आकडा, मधे बँकेची पावती, उजवीकडे रुपयातली जमा. जिथे तिन्ही जुळले तिथे पेन्सिलीने बरोबरची खूण. एका महिन्यात जमा काही केल्या जुळेना. रात्री साडेअकराला लक्षात आले की त्या महिन्यात पैसे दोन खेपांनी आले होते आणि दुसरी खेप पुढच्या महिन्याच्या २ तारखेला पडली होती. हेच स्पष्टीकरण एका ओळीत तक्त्याखाली लिहिले. असा तक्ता कुणी मागत नाही, पण डॉलर, रुपये आणि युरो यांच्या गुंत्यातून बघणाऱ्याला वाट दिसते. दर महिन्याची रक्कम शेवटच्या रकान्यात युरोमध्ये मांडायला विसरू नका.

६. माझे सगळे विद्यार्थी खासगी आहेत. तीसेक कुटुंबे थेट माझ्या खात्यात पैसे पाठवतात. कंपनी कुठून आणू?

खरे सांगायचे तर निव्वळ खासगी शिकवणीवर हा अर्ज कमकुवत पडतो. कायद्याची भाषा कंपनीशी असलेल्या व्यावसायिक संबंधाची आहे आणि एखाद्या मुलाची आई म्हणजे कंपनी नव्हे. तीस आयांची तीस पत्रे जोडली तरी त्यातून एक कंपनी उभी राहत नाही.

मार्ग असा आहे की अर्जाच्या निदान सहा-आठ महिने आधी कमाईचा मोठा भाग एखाद्या संस्थेमार्फत येईल अशी घडी बसवायची. प्लॅटफॉर्म हा त्यातला एक पर्याय. दुसरा पर्याय परदेशातली भाषाशाळा किंवा आपल्या कर्मचाऱ्यांना भाषा शिकवणारी कंपनी. भारतात बदली होऊन येणाऱ्या अधिकाऱ्यांना हिंदी-मराठीचे धडे हवे असतात आणि अशा कंपन्या रीतसर करार करतात. अमेरिकेतल्या मराठी शाळांबद्दलही विचारणा होते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या त्या शाळांचे काम फार मोलाचे आहे, पण त्या बहुतेक स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. तिथे मानधनाचा करार मिळाला तरी तो २,७६३ युरोंच्या आसपास पोहोचणार नाही. जोड म्हणून ठेवा, त्यावर विसंबू नका.

खासगी विद्यार्थी सोडायची गरज नाही. त्यांची फी जोडकमाई म्हणून दाखवा, पाया संस्थेच्या कराराचा असू द्या.

७. गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी काढली तर माझीच कंपनी झाली ना?

नाही. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. महाराष्ट्रात कर्मचारी थोडे असतील तर ती ऑनलाइन सूचना देऊन होते. उद्यम म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, तीही घरबसल्या होते. या दोन्हींमुळे तुमचा व्यवसाय अमुक तारखेपासून चालू आहे एवढे दिसते. पण ज्याच्यासाठी तुम्ही काम करता तो परदेशी ग्राहक यातून उभा राहत नाही. तरीही काढा. आयकर विवरणपत्रे आणि गुमास्ता एकत्र ठेवले की बघणाऱ्याला दिसते की ही बाई गेल्या महिन्यात शिक्षिका झालेली नाही.

८. माझी पदवी बी.कॉम. आहे. भाषेची पदवी किंवा बी.एड. नाही. चालेल का?

चालते. कायद्याला मान्यताप्राप्त संस्थेची पदवी हवी किंवा आपल्या क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा अनुभव. माझा सल्ला : पदवी विषयाला धरून नसेल तर अनुभवाचा पुरावाही जोडाच. १२० तासांचे इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र असेल तर तेही लावा, मात्र ते पदवीची जागा घेत नाही.

९. नोकरदार म्हणून अर्ज सोपा की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून? माझी पुण्यातली कंपनी पगारपत्रक द्यायला तयार आहे.

पगारपत्रकाचा मोह सगळ्यांना पडतो, पण भारतीयांना इथे एक मोठी अडचण येते. नोकरदाराला मायदेशाच्या सामाजिक सुरक्षा योजनेचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते दोन देशांत तसा करार असेल तरच उपयोगी पडते. जर्मनी, फ्रान्स, पोर्तुगाल यांच्याशी भारताचा असा करार आहे, स्पेनशी लागू झालेला नाही. मग तुमच्या कंपनीला स्पेनमध्ये नोंदणी करून तुमचा हप्ता भरावा लागतो. पुण्यातली लहान क्लास चालवणारी कंपनी एका शिक्षिकेसाठी हे करायला सहसा तयार होत नाही.

स्वतंत्र व्यावसायिकाचे गणित वेगळे आहे. तो स्पेनमध्ये गेल्यावर तिथल्या स्वयंरोजगार योजनेत स्वतःची नोंदणी करीन, असे लिहून देतो. अशा माणसाला तिथे ‘आउतोनोमो’ म्हणतात. नव्याने नोंदणी करणाऱ्याला पहिले बारा महिने मूळ हप्ता ८० युरो आहे, त्यात किरकोळ भर पडते. पुढे हप्ता कमाईनुसार वाढतो. आपल्यासारख्यांसाठी मी हाच मार्ग सुचवते.

१०. अर्ज मुंबईतून करायचा की स्पेनमध्ये पोहोचल्यावर?

दोन्ही करता येते. महाराष्ट्र आणि गोव्यातले लोक मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. तिथून मिळणारा व्हिसा जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो. स्पेनमध्ये कायदेशीर मुक्कामावर असताना थेट माद्रिदच्या विशेष विभागाकडे अर्ज केला तर परवानगी तीन वर्षांपर्यंत मिळू शकते, आणि तिथे २० कामकाजी दिवसांत उत्तर आले नाही तर अर्ज मंजूर झाला असे धरतात.

तीन वर्षे ऐकून लोक लगेच विमानाचे तिकीट बघू लागतात. माझे मत वेगळे आहे. तुमच्या पदवीवरचा एखादा शिक्का राहिला असेल तर तो मुंबईतच मिळणार. तुम्ही वालेन्सियात बसून मंत्रालयातला कागद कुणाकरवी आणणार? तेवढ्यात ९० दिवस संपतात. ज्यांचे सगळे कागद तयार, अनुवाद झालेले, पत्रे हातात आहेत आणि जे एकटे आहेत, त्यांनी स्पेनमधून अर्ज करावा. कुटुंबासह जाणाऱ्यांनी मुंबईतून करावा. आणि टुरिस्ट व्हिसा मागताना हेतूबद्दल खोटे लिहू नका, ते पुढच्या प्रत्येक अर्जात आडवे येते.

११. अपोस्टील, साक्षांकन, अनुवाद... कोणता कागद आधी?

अपोस्टील म्हणजे कागद खरा असल्याची, परदेशात मान्य होणारी सरकारी मोहोर. भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे. पदवीचा प्रवास असा : आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील. लग्नाचा आणि जन्माचा दाखलाही राज्याच्या पातळीवरून पुढे जातो. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालय देते, म्हणून त्याला राज्याचा टप्पा लागत नाही.

स्पॅनिश अनुवाद अपोस्टील झाल्यावरच करून घ्या, कारण अपोस्टीलच्या मजकुराचाही अनुवाद लागतो. आधी केलात तर दुसऱ्यांदा पैसे भराल. अनुवादक स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने मान्यता दिलेला शपथबद्ध अनुवादक हवा, त्यांची यादी ते मंत्रालय प्रसिद्ध करते. नगरपालिकेचा जुना, फक्त मराठीतला जन्मदाखला असेल तर आधी नव्या नमुन्यातला मराठी-इंग्रजी दाखला काढून घ्या. मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये शपथबद्ध अनुवाद करणारे शोधत बसावे लागत नाही.

पोलीस प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी काढा. ते ताजे, सहा महिन्यांच्या आतले लागते. गेल्या दोन वर्षांत दुबई किंवा आणखी कुठे राहिला असाल तर तिथलेही हवे, आणि गेल्या पाच वर्षांत कुठेही गुन्हा नाही असे स्वतःचे निवेदनही. भारतात घेतलेला प्रवास विमा इथे चालत नाही. स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा, उपचारावेळी पदरचे पैसे भरावे न लागणारा आरोग्य विमा काढा.

१२. नवरा, मुलगी आणि सासूबाई सोबत येऊ शकतात का?

नवरा-बायको, मुले आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील येऊ शकतात. पहिल्या सदस्यासाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १,०३६ युरो आणि पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के, म्हणजे सुमारे ३४५ युरो जास्तीची कमाई दाखवावी लागते. नवरा आणि एक मुलगी धरली तर एकूण साधारण ४,१४४ युरो. जोडीदाराला तिथे कामही करता येते, ही या व्हिसाची फार चांगली बाजू आहे.

सासूबाईंच्या बाबतीत त्या खरोखर तुमच्या पैशांवर जगतात हे दाखवावे लागते. त्यांना पेन्शन असेल तर ते अवघड जाते. वर्षानुवर्षे त्यांच्या खात्यात पैसे पाठवल्याच्या नोंदी असतील तर त्या जपून ठेवा.

१३. ताई, पदवीवर माहेरचे नाव आहे, पासपोर्टवर सासरचे आणि बँकेत तिसरेच काहीतरी. अर्ज फेटाळतील का?

आपल्याकडच्या बायकांना हा त्रास सर्रास होतो. त्यात आपली नाव लिहायची पद्धत स्वतः, वडील किंवा नवरा, मग आडनाव अशी. विद्यापीठ आडनाव आधी छापते. स्पेनमध्ये माणसाला एक नाव आणि दोन आडनावे असतात, पहिले वडिलांचे आणि दुसरे आईचे. तिथला कारकून तुमच्या मधल्या नावाकडे पाहतो तेव्हा त्याला ते पहिले आडनाव वाटते.

एकच नियम पाळा. पासपोर्टवर जे जसे आहे ते तसेच सगळीकडे. पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात तुमचे आणि वडिलांचे अशी दोन नावे असतील तर अर्जात ती दोन्ही नावाच्याच रकान्यात लिहा आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना मोकळा सोडा. माझ्या पहिल्या भाडेकरारात घरमालकाने माझ्या वडिलांचे नाव आडनाव म्हणून घातले. तो करार घेऊन महापालिकेत रहिवासाची नोंद करायला गेले तर परत पाठवले आणि करार नव्याने करावा लागला.

माहेर-सासरचा सांधा जोडायला लग्नाचा दाखला पुरतो, मात्र त्यावर लग्नाआधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही नावे दिसली पाहिजेत. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली असेल तर तेही पान लावा. काहीच नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करा आणि त्यालाही अपोस्टील घ्या. प्लॅटफॉर्मवरचे टोपणनाव हा चौथा घोळ, त्याबद्दल प्रश्न ५ पाहा.

१४. तिथे गेल्यावर स्पेनमधल्या लोकांना इंग्रजी शिकवता येईल का? मागणी खूप आहे म्हणतात.

मागणी आहेच. स्वतंत्र व्यावसायिक असाल तर स्पेनमधल्या ग्राहकांचे काम तुमच्या एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंत करता येते. नोकरदार म्हणून व्हिसा घेतला असेल तर अजिबात नाही. कोपऱ्यावरच्या अकादमीत संध्याकाळचे वर्ग घ्यायला बोलावले तर त्याची बिले या वीस टक्क्यांतच बसवा आणि हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी तो विचारला जाऊ शकतो. परदेशी प्लॅटफॉर्मवरचा एखादा विद्यार्थी माद्रिदमध्ये राहतो म्हणून लगेच घाबरू नका, तुम्हाला पैसे देणारा ग्राहक प्लॅटफॉर्म आहे. तरी मी अशा विद्यार्थ्यांची संख्या मुद्दाम कमीच ठेवते.

१५. कर कुठे भरायचा? भारतात, तिथे की दोन्हीकडे?

वर्षात १८३ दिवसांहून अधिक स्पेनमध्ये राहिलात की तिथले करनिवासी होता आणि जगभरातली कमाई तिथे दाखवावी लागते. भारत आणि स्पेन यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर पडत नाही. २४ टक्के सरसकट कराची सवलत ऐकून अनेक जण हुरळतात. ती मुख्यतः नोकरदार नोमॅडच्या उपयोगाची आहे, आपल्यासारख्या आउतोनोमोला ती सहसा मिळत नाही. आपल्याला चढत्या टप्प्यांचा कर आणि दर तिमाहीला विवरणपत्र.

पहिल्या महिन्यातच ‘खेस्तोर’ गाठा. कर, नोंदणी, हप्ते ही कामे करून देणारा हा माणूस तिथे गल्लोगल्ली असतो. भारतात तुमच्या सीएला निवासी दर्जा बदलल्याचे कळवा आणि बँकेतले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्या. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात.

१६. अमेरिकेतल्या मुलांचे वर्ग तिथून जमतात का?

वीकेंडचे वर्ग सुरेख जमतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला शनिवारी सकाळचे १० वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, स्पेनमध्ये दुपारचे ४. पण आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी पंचाईत होते. न्यूयॉर्कचे ६ म्हणजे स्पेनमधली मध्यरात्र. पुण्यात असताना त्याच वर्गासाठी पहाटे साडेतीनला उठावे लागायचे. मी ती मुले हळूहळू शनिवार-रविवारकडे सरकवली आणि मधल्या दिवसांत ब्रिटन, जर्मनी, आखात इथले विद्यार्थी घेतले. अमेरिकी शाळांच्या सुट्टीत, जून ते ऑगस्ट, कमाई उतरते. अर्जासोबत त्याच तीन महिन्यांचे बँकेचे विवरणपत्र जाणार असेल तर वर्षभराचे जोडा.

१७. मी गोव्याचा आहे, माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मलाही हाच व्हिसा लागेल का?

नाही. तुम्ही युरोपीय संघाचे नागरिक आहात, स्पेनमध्ये राहायला आणि काम करायला तुम्हाला व्हिसाच नको. तीन महिन्यांहून जास्त राहायचे तर तिथे जाऊन नोंदणी करायची. बायकोकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तिने नोमॅड व्हिसाच्या मागे न लागता युरोपीय नागरिकाची पत्नी म्हणून अर्ज करावा. तिथे प्रश्न ५ आणि ६ मधली कंपनीची कटकट येतच नाही.

१८. पुढे स्पेनचे नागरिकत्व मिळते का?

भारतीयांना सलग दहा वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. पाच वर्षांनंतरच्या कायम वास्तव्याला ती अट नाही.

१९. माझा अर्ज नाकारला. आता काय?

नकारपत्रातले कारण शब्दशः वाचा, अंदाज बांधू नका. पत्र मिळाल्यापासून एक महिन्यात त्याच कार्यालयाकडे फेरविचाराची मागणी करता येते, दोन महिन्यांत माद्रिदच्या न्यायालयाकडे जाता येते. कागद अपुरा म्हणून नकार आला असेल तर फेरविचाराच्या अर्जासोबत तो कागद द्या. कंपनीशी संबंध सिद्ध होत नाही असे लिहिले असेल तर फेरविचारात वेळ घालवण्यापेक्षा प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे आधी करार उभा करा आणि नव्याने अर्ज करा. माझ्या ओळखीतल्या एका जर्मनच्या शिक्षिकेने तसेच केले. पहिल्या अर्जात एकवीस पालकांची पत्रे होती. दुसऱ्यात एका भाषाशाळेचा करार होता, आठ महिन्यांची बिले होती आणि पालकांचे एकही पत्र नव्हते. सध्या ती स्पेनमधल्या मालागात असते आणि तिचा पहिला वर्ग सकाळी नऊला सुरू होतो.